स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि चुनखडीची काळी जमीन: प्रकल्प नोंदी

२१ नोव्हेंबर २०२३

मातीत न विरघळता पडून असलेले स्फुरद (फॉस्फरस, पी) विरघळवणारे जिवाणू शोधण्यासाठी बदनापूर तालुक्यातल्या दोन शेतांतून तुरीच्या मुळांभोवतीची माती आणली. पीक फुलोऱ्यात, जमीन काळी भारी, वरच्या थराला भेगा पडायला सुरुवात. नमुन्यासाठी झाड उपटायचे नाही. उपटले की हातात सोटमूळ येते आणि कामाची बारीक मुळे जमिनीतच तुटून राहतात. कुदळीने खोडाभोवती वीतभर अंतर सोडून पूर्ण ढेकूळ काढला, हाताने फोडला, झटकल्यावर जे गळले ते टाकले. मुळाला चिकटून राहिलेला एक-दोन मिलिमीटरचा थर तेवढा नमुना. प्रत्येक शेतातून ५ झाडे. बांधाजवळची आणि खताच्या गोण्या उतरवतात त्या कोपऱ्यातली झाडे वगळली. पिशव्या बर्फाच्या पेटीत, पण गोठवल्या नाहीत. गोठवले की नाजूक जिवाणू मरतात आणि प्लेटवर फक्त दणकट मंडळी दिसतात.

मुळांपासून दूरची, ओळींच्या मधली मातीही ५ किलो आणली. पुढची सगळी रासायनिक तपासणी तिच्यावर.

२४ नोव्हेंबर

सामू (पीएच; माती एक भाग, पाणी अडीच भाग): ८.३.

मुक्त चुनखडी, पाइपरच्या जलद अनुमापनाने: ५ ग्रॅम मातीने १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६.१ मिली खाल्ले. इतक्या वजनाला १ मिली म्हणजे १ टक्का, म्हणून ६.१ टक्के.

उपलब्ध स्फुरद, ऑल्सेन पद्धत: २.५ ग्रॅम माती, ५० मिली ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू ८.५, अर्धा तास हलवणे. पहिल्या फेरीत आकडा संशय यावा इतका मोठा आला. माती न घातलेली कोरी नळीसुद्धा निळी झाली होती (निळा रंग म्हणजे स्फुरद). दोष रंग घालवण्यासाठी टाकलेल्या कोळशाचा, त्यातच स्फुरद होते. कोळसा त्याच बायकार्बोनेटने तीनदा आणि नंतर पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा चाचणी केली. कोरी नळी स्वच्छ आणि माती ४.० मिग्रॅ/किलो. गुणिले २.२४, म्हणजे हेक्टरी ९ किलो, कमी वर्गात.

आता हिशेब, कारण पुढचे सगळे काम यावर उभे आहे. १ किलो मातीत ६१ ग्रॅम चुना. कॅल्शियम कार्बोनेटच्या १ ग्रॅमला ग्लुकॉनिकसारखे आम्ल २० मिलिमोल लागते. म्हणजे किलोभर मातीतला चुना संपवायला १.२२ मोल ग्लुकॉनिक आम्ल, वजनाने सुमारे २४० ग्रॅम. एका ग्लुकोजपासून एकच ग्लुकॉनिक आम्ल बनते, तेव्हा त्यासाठी जिवाणूला २२० ग्रॅम ग्लुकोज द्यावे लागेल. हेक्टरी २२.४ लाख किलो माती धरली तर हे ४९० टनांच्या वर जाते. कुठलाही जिवाणू अशी जमीन आंबट करणार नाही. त्याचा उपयोग झालाच तर मुळाच्या कातडीलगत, मिलिमीटरच्या अंशात, आणि तेही तिथे आम्ल चुन्यापेक्षा जास्त वेगाने जमत असेल तेवढा वेळ. जिवाणू खताच्या पाकिटावर छापलेले ‘जमिनीतील स्फुरद मोकळे करते’ हे वाक्य या आकड्याशेजारी ठेवून वाचावे.

२८ नोव्हेंबर

पिकोव्हस्काया माध्यम (न विरघळणारे फॉस्फेट घातलेले जिवाणूंचे खाद्य), १ लिटरला: ग्लुकोज १० ग्रॅम, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ५, अमोनियम सल्फेट ०.५, पोटॅशियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम सल्फेट ०.१, यीस्ट अर्क ०.५, मँगनीज व लोह सल्फेट किंचित, अगर १५ ग्रॅम. सामू ७.०. बुरशी आवरायला सायक्लोहेक्झिमाइड ५० मिग्रॅ. ते न घातल्यास अॅस्परजिलस दोन दिवसांत अख्खी प्लेट व्यापते.

ग्लुकोज वेगळे निर्जंतुक केले. एकत्र घातले की माध्यम तपकिरी होते आणि सामू उतरतो. फॉस्फेटची पूड तळाला बसते, म्हणून ५० अंशांच्या आसपास थंड झाल्यावर प्रत्येक प्लेटआधी फ्लास्क गोल फिरवून ओतले. प्रत्येकीत मोजून २० मिली. थर पातळ झाला तर वलय (फॉस्फेट विरघळून वसाहतीभोवती होणारा पारदर्शक पट्टा) फुकटचे मोठे दिसते.

१० ग्रॅम माती ९० मिली ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, पुढे दहापट विरलने. हजारावे ते लाखावे विरलन, ०.१ मिली पसरले. ३० अंश.

५ डिसेंबर

सातव्या दिवशी वलय असलेल्या ४१ वसाहती उचलल्या, ब-१ ते ब-४१. वसाहतीचा आणि वलयाचा व्यास मिळून भागिले वसाहतीचा व्यास, या निर्देशांकावर फार विसंबायचे नाही. २ मिमीच्या खुरटलेल्या वसाहतीभोवती ४ मिमीचे वलय असले तरी निर्देशांक ३ येतो, आणि चांगल्या वाढलेल्या १० मिमीच्या वसाहतीभोवती तेच वलय असले तर १.४. दोन्ही व्यास वेगवेगळे लिहून ठेवले.

सगळ्यांचा साठा लगेच २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर. वारंवार पुनर्रोपण केलेल्या जिवाणूंचे वलय काही पिढ्यांत नाहीसे होते आणि मग मूळ गुण होता की नव्हता हे सांगता येत नाही.

१२ डिसेंबर

खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये या जिवाणूंसाठी वलयाची अट आहे: किमान ३ मिमी जाडीच्या माध्यमावर किमान ५ मिमीचे वलय, किंवा वर्णमापीने तपासल्यास किमान ३० टक्के स्फुरद विरघळवण्याची क्षमता. ४१ पैकी २३ वलयाच्या अटीत बसतात. कागदावर तेवीस जिवाणू खते तयार झाली म्हणायची.

त्याच ४१ एका बदलासह पुन्हा लावल्या: अमोनियम सल्फेटऐवजी पोटॅशियम नायट्रेट. कारण जिवाणू अमोनियम आत घेतो तेव्हा बाहेर प्रोटॉन सोडतो, आणि सेंद्रिय आम्ल न बनवताही ट्रायकॅल्शियम फॉस्फेट थोडे विरघळते. नायट्रेटवर १४ वसाहतींची वाढ तशीच राहिली, वलय गेले. ब-२९ त्यातलीच. अमोनियमवर तिचे वलय सर्वांत देखणे होते, पाचव्या दिवशी काचेसारखे स्वच्छ. नायट्रेटवर भोवती एकही पारदर्शक रेघ नाही. काळ्या जमिनीत पिकाला उपलब्ध नत्र बहुतेक नायट्रेटच्या रूपात असते, तेव्हा ब-२९ यादीतून बाहेर.

२७ उरल्या.

२ जानेवारी २०२४

खरी चाळणी आजपासून. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जी. नरेश कुमार, एल. जे. पारेख आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की साध्या माध्यमावर चांगले ठरलेले जिवाणू बफर (सामूतला बदल रोखणारे रसायन) घातल्यावर स्फुरद सोडत नाहीत, आणि क्षारीय काळ्या मातीतही तेच होते. त्यांनी बफर केलेल्या माध्यमात मिथाइल रेड घालून निवड केली आणि तुरीच्याच मुळांभोवती एंटरोबॅक्टर अॅस्बुरी पीएसआय३ हा जिवाणू त्यांना सापडला. तोच मार्ग धरला आहे.

माध्यम: ट्रिस हा बफर १०० मिलिमोलर (लिटरला १२.१ ग्रॅम), सामू ८.० हायड्रोक्लोरिक आम्लाने, ग्लुकोज १०० मिलिमोलर (१८ ग्रॅम), मिथाइल रेड ०.०१ टक्के, नत्र नायट्रेटरूपात, स्फुरदासाठी उदयपूरजवळच्या झामरकोटऱ्याची रॉक फॉस्फेट पूड. पूड आधी ऊर्ध्वपातित पाण्याने पाचदा धुतली, नाहीतर तिच्यातले आयते विद्राव्य स्फुरद वापरून सगळेच वाढतात. या खडकात डोलोमाइट असते. ॲपटाइटाच्या (स्फुरद असलेल्या खनिजाच्या) आधी ते आम्ल खाते, हेही आपल्या मातीसारखेच झाले.

मिथाइल रेड ६.२ च्या वर पिवळा, ४.४ च्या खाली लाल. ट्रिसचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू आम्ल शोषायला मोकळे असतात तो) २५ अंशांवर ८.१ च्या जवळ, म्हणून सामू ८.० ला जवळपास निम्मे रेणू आम्ल शोषायला मोकळे असतात. १०० मिलिमोलरमधले साधारण ४५. वसाहतीभोवती ४५ मिलिमोलर आम्ल साठेपर्यंत सामू हळूहळू उतरेल पण सहाच्या वर राहील, पुढच्या चार-पाच मिलिमोलरला मात्र तो एकदम पाचाच्या खाली घसरेल. पीएसआय३ सुमारे ५० मिलिमोलर ग्लुकॉनिक आम्ल सोडतो. त्याला जमते आणि इतरांना नाही, यामागचे कारण या चार-पाच मिलिमोलरमध्ये आहे.

९ जानेवारी

पहिली खेप फेकली. सामू गरम द्रावणात, ५५ अंशांच्या आसपास, ८.० केला गेला होता. ट्रिसचा सामू दर अंशाला ०.०३ च्या जवळपास उतरतो. म्हणजे थंड झाल्यावर हेच माध्यम ८.८ झाले आणि २७ पैकी बऱ्याच वसाहती उगवल्याच नाहीत. नियम: ट्रिसचा सामू २५ अंशांवरच लावायचा. ३० अंशांच्या कपाटात तो ७.८५ पर्यंत येईल, ते चालते.

दुसरी दुरुस्ती: प्रत्येक वसाहतीची जोडप्लेट, सगळे तेच पण पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ मिलिमोलर घालून. १०० मिलिमोलर ट्रिस काहींना मानवत नाही. जोडप्लेटवरही उगवले नाही तर दोष स्फुरदाचा नाही, ट्रिसचा.

१६ जानेवारी

२७ पैकी २ जोडप्लेटवरही उगवल्या नाहीत, त्यांच्याबद्दल निर्णय नाही. २१ उगवल्या पण भोवती पिवळेच राहिले. ठळक लाल वलय तिघांचे: ब-१७, ब-३३, ब-४०.

ब-९ भोवती रंगच गेला, वलय पांढरट. पहिल्या नजरेला हे यश वाटते. मिथाइल रेड अॅझो रंग आहे, काही जिवाणू तो तोडतात. त्या जागी सामूची पट्टी टेकवली: ७.६. ब-९ बाद.

४१ वरून ३.

६ फेब्रुवारी

तिघांना द्रवात लावले. १०० मिली फ्लास्कमध्ये २५ मिली, शेकरवर (हलवणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला १८० फेरे, ३० अंश. याहून जास्त भरायचे नाही. ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करणारे ग्लुकोज डिहायड्रोजिनेज हे विकर पेशीच्या आत नसते, आतल्या पटलावर बसून बाहेरच्या पोकळीत काम करते, पीक्यूक्यू या सहघटकावर. तिथून इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत जातात. हवा कमी पडली की हा रस्ता बंद.

नियंत्रणे चार: बिनजिवाणूचे, मारलेल्या जिवाणूचे, केवळ शुद्ध ग्लुकॉनिक आम्ल ५० मिलिमोलर घातलेले, आणि तेवढाच सामू हायड्रोक्लोरिकने उतरवलेले. शेवटची दोन शेजारी असली की आम्लता किती आणि कॅल्शियम धरून ठेवणे किती हे वेगळे काढता येते.

८ फेब्रुवारी

रात्री लाईट गेली, शेकर पहाटेपर्यंत बंद. सकाळी तिन्हींचा सामू छान उतरलेला दिसत होता. पण साचलेल्या, हवेविना राहिलेल्या फ्लास्कमध्ये ब-१७ आणि ब-३३ किण्वन करून लॅक्टिक, ॲसेटिक आम्ले बनवतात. सामू उतरतो, पण आपल्याला हव्या त्या वाटेने नाही. खेप रद्द. शेकर इन्व्हर्टरवर घेतला आणि बोर्डाची वीज तुटली का आणि परत केव्हा आली हे कळावे म्हणून साधे विजेवरचे घड्याळ त्याच बोर्डावर लावले. वीज आली की ते शून्यापासून लुकलुकते.

२७ फेब्रुवारी

आम्लांची ओळख, द्रव वर्णलेखनाने. आयन वगळणारा स्तंभ, ५ मिलिमोलर सल्फ्युरिक आम्ल, मिनिटाला ०.६ मिली. यावर ग्लुकोज आणि ग्लुकॉनिक आम्ल जवळजवळ एकत्रच बाहेर येतात. अपवर्तनांक शोधकावर दिसणारे पहिल्या दिवसाचे मोठे शिखर उरलेल्या ग्लुकोजचे असते आणि लोक त्याला आम्ल समजून मोजतात. २१० नॅनोमीटरवर ग्लुकोज जवळपास दिसत नाही, म्हणून आम्ल तिथे मोजले आणि ग्लुकोज वेगळे विकराच्या चाचणीने. दोन्हींची बेरीज सुरुवातीच्या १०० मिलिमोलरपेक्षा जास्त आली तर शिखर चुकले असे समजायचे.

ब-३३: मुख्यतः ग्लुकॉनिक. ब-४०: ग्लुकॉनिक आणि त्यापुढचे २-किटोग्लुकॉनिक. हे दुसरे आम्ल जास्त तीव्र. ब-१७: ग्लुकॉनिक आणि थोडे ॲसेटिक.

मॉलिब्डेनम निळ्या रंगाच्या चाचणीत नमुना किमान वीसपट पातळ केला. सेंद्रिय आम्ल जास्त असले की रंग मंद चढतो आणि स्फुरद कमी दिसते. प्रमाणद्रावणातही तेवढेच आम्ल घालून रेषा काढली.

१९ मार्च

इथपर्यंत जिवाणूंना १८ ग्रॅम ग्लुकोजची मेजवानी होती. मुळातून असे काही झिरपत नाही. तिथे ग्लुकोज, गॅलॅक्टोज, झायलोज, अॅरॅबिनोज थोडे थोडे, आणि त्यांच्याबरोबर मॅलेट, सक्सिनेट, सायट्रेट.

पहिली चाचणी: एका ग्लुकोजऐवजी अशा साखरांचे मिश्रण, प्रत्येक १५ मिलिमोलर. ब-३३ चे डिहायड्रोजिनेज ग्लुकोजखेरीज इतर साखराही ऑक्सिडाइझ करते, सामू ५ च्या आसपास येतो. ब-४० ला मिश्रणावर ५.९ च्या खाली जाता आले नाही.

दुसरी: ५० मिलिमोलर ग्लुकोज अधिक २० मिलिमोलर सक्सिनेट. चमकणारे स्यूडोमोनास ग्लुकोजच्या आधी सेंद्रिय आम्ले खातात, ई. कोलायच्या नेमके उलट. सक्सिनेट असेपर्यंत ग्लुकोजकडचा रस्ता दाबून ठेवतात. ब-४० वर हेच दिसले: पहिले १८ तास सामू उतरण्याऐवजी चढला, कारण सक्सिनेट खाल्ल्यावर क्षार मागे राहतो. डीसीआयपी रंगाने डिहायड्रोजिनेज मोजले तेव्हा सक्सिनेट असलेल्या पेशींत क्रिया स्पष्ट कमी.

म्हणजे ब-४० प्लेटवर पास, द्रवात पास, आणि मुळाजवळ जे खरोखर मिळते त्यावर काठावर.

९ एप्रिल

१६एस (जिवाणूची ओळख पटवणाऱ्या जनुकाची) क्रमवारी, २७एफ आणि १४९२आर प्रायमर, सुमारे १,५०० बेसचा तुकडा.

ब-१७: क्लेब्सिएला न्यूमोनी गट. काम थांबवले, साठा कुलपात. माणसात न्यूमोनिया आणि रक्तदोष करणारा गट, बियाण्याला हाताने चोळायच्या पुडीत तो जाऊ शकत नाही. ब-३३: एंटरोबॅक्टर क्लोॲसी संकुल. १६एसवरून त्यातली जात ठरत नाही. या संकुलातही संधिसाधू रोगकारक आहेत, म्हणून हा फक्त प्रयोगशाळेत तुलनेसाठी. ब-४०: स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स गट, ३७ अंशांवर वाढ जवळपास नाही, रक्त अगरवर रक्तपेशी फोडत नाही.

तिघांत सर्वांत कमकुवत जो, तोच शेतात नेण्याजोगा.

१४ मे

ब-४० साठी वाहक (जिवाणू ज्यात मिसळून पाकिटात भरतात ती पूड): लिग्नाइट पूड, कॅल्शियम कार्बोनेटने सामू ७, लागोपाठ दोन दिवस निर्जंतुकीकरण. पहिल्या दिवशी तगलेले बीजाणू रात्रीत अंकुरतात आणि दुसऱ्या फेरीत मरतात. अंतिम ओलावा ३५ टक्के. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ग्रॅमला किमान ५ कोटी पेशी आणि लाखाव्या विरलनाला भेसळ शून्य. स्यूडोमोनास बीजाणू करत नाही, उन्हाळ्यात खोलीच्या तापमानाला संख्या झपाट्याने पडते. आठवड्याची मोजणी सुरू, अर्धी पाकिटे २८ अंशांवर, अर्धी बाहेर कपाटात.

२६ जून

कुंड्या लावल्या. तूर, वाण बीडीएन ७११. कुंडीत ५ किलो माती, निर्जंतुक न केलेली. मातीला ऑटोक्लेव्हमध्ये घातले की मँगनीज, अमोनियम आणि स्फुरद आपोआप सुटते आणि श्रेय जिवाणूला जाते.

शिफारस हेक्टरी ५० किलो स्फुरद (पी२ओ५ रूपात), म्हणजे किलो मातीला १० मिग्रॅ पी, कुंडीला ५० मिग्रॅ, रॉक फॉस्फेटमधून.

आठ प्रक्रिया, प्रत्येकी चार कुंड्या: नुसती माती; रॉक; रॉक व मेलेला ब-४०; रॉक व जिवंत ब-४०; हेच शेवटचे तीन शेणखतासह; आणि सिंगल सुपर फॉस्फेट. रायझोबियम आणि नत्र सगळ्यांना सारखे.

टोचण्याच्या द्रवाबद्दल: पिकोव्हस्काया माध्यमात वाढवलेले जिवाणू तसेच ओतायचे नाहीत. त्यात लिटरला ५ ग्रॅम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे १ ग्रॅम पी. कुंडीला १० मिली टाकले तर १० मिग्रॅ पी, पूर्ण मात्रेचा पाचवा भाग, आणि तोही अर्धा विरघळलेला. नियंत्रणाला नुसते पाणी दिले असेल तर उत्पन्न नक्की वाढते. पेशी न्यूट्रियंट ब्रॉथमध्ये वाढवून, दोनदा मिठाच्या पाण्याने धुऊन दिल्या. मेलेल्या पेशीही तशाच धुऊन.

मुळावर ब-४० टिकतो का हे कळावे म्हणून रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा आपोआप उद्भवलेला प्रकार वापरला. वापरण्याआधी त्याचे लाल वलय मूळ ब-४० इतकेच आहे हे पाहिले.

११ जुलै

पंधराव्या दिवशी एकेक जास्तीचे रोप उपटून पाहिले. जिवंत टोचलेल्यांना आडवी मुळे डोळ्यांना दिसतील इतकी जास्त. स्फुरदाचा परिणाम म्हणून लिहायचा मोह होतो. साल्कोव्स्की चाचणी केली, ट्रिप्टोफॅन दिल्यावर ब-४० गुलाबी रंग देतो, म्हणजे इंडोल ॲसेटिक आम्ल बनवतो. मुळे त्यानेही वाढतात. वेगळे करता येईपर्यंत हे निरीक्षण स्फुरदाच्या खात्यात नाही.

१२ ऑगस्ट

१० ऑगस्टला, ४५ दिवसांनी, कापणी. ६५ अंशांवर वाळवून वजन, नायट्रिक-परक्लोरिक आम्लात पचवून स्फुरद.

शेणखताविना: जिवंत आणि मेलेला ब-४० यांतला फरक क्रांतिक फरकाच्या (योगायोगानेही येऊ शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेच्या) आत. दोन्ही नुसत्या रॉकइतकेच, आणि नुसता रॉक नुसत्या मातीइतकाच. शेणखतासह: रॉकला नुसते शेणखत जोडल्यानेच शोषण वाढले, त्यावर जिवंत ब-४० ने लहान पण क्रांतिक फरकाच्या बाहेरची भर घातली, मेलेल्याने नाही. सिंगल सुपर फॉस्फेट सगळ्यांच्या पुढे.

मुळावरची रिफाम्पिसिन मोजणी: शेणखताविना पंधराव्या दिवसाच्या तुलनेत ४५ व्या दिवशी दोन घातांकांनी (शंभरपट) खाली, शेणखतासह एकाने (दहापट). भर कशामुळे, जास्त टिकल्यामुळे की शेणखतातल्या कार्बनवर आम्ल बनल्यामुळे, हे या मांडणीतून सुटत नाही. डिहायड्रोजिनेज नसलेला ब-४० चा उत्परिवर्ती शेजारी हवा. पाच हजार वसाहती ट्रिसच्या प्लेटवर ठिपके देऊन लाल न होणारा शोधायचे काम लावले आहे.

२० ऑगस्ट

वाहकाची चौदाव्या आठवड्याची मोजणी: २८ अंशांवरची पाकिटे अजून ५ कोटींच्या वर. कपाटातली दहाव्या आठवड्यालाच खाली गेली होती. दोन पाकिटांत लाखाव्या विरलनाला बॅसिलसची सुरकुतलेली वसाहत, तोंड सील करताना पूड अडकली होती. ती खेप बाद. पुढच्या खेपेला सील करण्याआधी पिशवीची कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसणे.